सर रतनजी जमशेटजी टाटा

हा लेख जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र सर रतनजी टाटा यांच्याविषयी आहे. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष रतन नवल टाटा (१९३७–२०२४) ही वेगळी व्यक्ती होय.

सर रतनजी जमशेटजी टाटा (२० जानेवारी, इ.स. १८७१; मुंबई – ५ सप्टेंबर, इ.स. १९१८, सेंट आइव्ह्ज, कॉर्नवॉल, इंग्लंड) हे भारतीय उद्योजक, दानशूर आणि कलावस्तूंचे संग्राहक होते. चिनी मातीची भांडी, जेड, जपानी कलाकाम, युरोपीय चित्रे आणि शस्त्रे यांचा त्यांनी जमवलेला संग्रह आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सर्वसामान्य मराठी वाचकाला चिनी व जपानी कला डोळ्यांनी पाहता येईल अशा राज्यातील मोजक्या जागांपैकी ही एक असून, तिचा पाया मोठ्या प्रमाणात रतनजींच्या आणि त्यांचे थोरले बंधू सर दोराबजी यांच्या संग्रहांवर उभा आहे.

जन्म आणि कुटुंब

रतनजींचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वडील जमशेटजी नसरवानजी टाटा आणि आई हिराबाई. दोराबजी त्यांच्याहून जवळजवळ बारा वर्षांनी मोठे होते. त्यामुळे थोरला मुलगा वडिलांच्या हाताखाली धंद्यात शिरला, तेव्हा धाकटा अजून शाळकरी वयाचा होता. रतनजींचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. १८९२ साली त्यांचा विवाह नवाजबाई सेट यांच्याशी झाला. या दांपत्याला मूल झाले नाही.

नागपूरची गिरणी आणि चीनचा व्यापार

टाटा घराण्याचा चीनशी संबंध रतनजींच्या जन्माआधीपासूनचा. जमशेटजींचे वडील नसरवानजी यांच्या पेढीचा व्यवहार हाँगकाँगशी होता आणि १८५९ मध्ये जमशेटजी स्वतः तेथे गेले होते. त्या काळी मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या मालात कापूस आणि अफू हे दोन मुख्य जिन्नस असत. टाटांची पेढी दोन्हींचा व्यापार करी. घराण्याच्या गौरवपर चरित्रांत अफूचा उल्लेख बहुधा ओझरता येतो, परंतु मुंबईतील अनेक पारशी, गुजराती व बगदादी ज्यू पेढ्यांप्रमाणे टाटाही या व्यापारात होते. त्या काळात तो कायदेशीर होता; चीनने मात्र त्याची जबर किंमत मोजली. परतीच्या जहाजांतून रेशीम, चहा, चिनी मातीची भांडी आणि कशिद्याचे कापड मुंबईत उतरे. पारशी स्त्रियांची ‘गारा’ साडी, म्हणजे रेशमावर चिनी कारागिरांनी भरलेले पक्षी, फुले आणि मनोरे, ही याच देवघेवीतून आली. चिनी नक्षी मुंबईच्या पारशी घरात शिरली ती अशी थेट बंदरातून. युरोपात तिचा प्रवास फार वेगळ्या वाटेने झाला, त्याचा विचार पुढे केला आहे.

जमशेटजींना मोठा उद्योजक म्हणून उभे केले ते नागपूरने. मुंबईतील गिरण्यांच्या गर्दीपासून दूर, कापूस पिकतो तेथेच गिरणी काढावी, असा त्यांचा विचार होता. १८७४ मध्ये ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. नागपुरातील जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून तेथे गिरणी उभारण्यात आली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस मिल’ हे नाव मिळाले. रतनजींना तेव्हा सहा वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांच्या देखरेखीखाली या गिरणीने रिंग पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग केला, तसेच कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि अपघाताची भरपाई या त्या काळी नवख्या असलेल्या सोयी सुरू केल्या. पुढील अनेक वर्षे टाटांच्या उत्पन्नाचा ती एक भक्कम आधार होती. नागपूरकरांच्या बोलण्यात ही जागा आजही एम्प्रेस मिल म्हणूनच येते. गिरणी बंद पडली असून तेथे आता व्यापारी संकुल उभे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय गिरण्यांच्या जाडेभरड्या सुताला सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होते. सुताच्या वाहतुकीवर पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीचा वरचष्मा होता आणि तिचे भाडे भारी पडे. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले आणि ‘निप्पॉन युसेन काइशा’ या जपानी कंपनीच्या सहकार्याने त्यांनी स्वतःची जहाजसेवा चालवून पाहिली. ब्रिटिश कंपनीने भाडे पाडून ती लवकरच बंद पाडली. टाटांच्या पेढीच्या शाखा मात्र शांघाय आणि कोबे येथे पाय रोवून राहिल्या.

उद्योगातील सहभाग

रतनजी वडिलांच्या पेढीत भागीदार झाले तेव्हा तिचा पसारा कापूस, सूत, रेशीम, मोती आणि तांदूळ इतका पसरलेला होता. पॅरिसच्या ‘ल्युनियों’ या अग्निविमा कंपनीची भारतातील मुखत्यारी टाटांकडे होती आणि ते काम रतनजी पाहत. १९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीतील बाट नाउहाइम येथे मृत्यू पावले. त्यांच्या मागे राहिलेल्या तीन मोठ्या योजना, म्हणजे पोलादाचा कारखाना, सह्याद्रीच्या पाण्यावरील वीज आणि बंगळूरची विज्ञानसंस्था, दोन्ही मुलांनी व चुलत नात्यातील रतनजी दादाभाई टाटा यांनी पुऱ्या केल्या. विज्ञानसंस्थेसाठी जमशेटजींनी राखून ठेवलेली मालमत्ता दोघा भावांनी हात आखडता न घेता देऊन टाकली.

तरीही उद्योगाच्या इतिहासात रतनजींचे स्थान दुय्यम आहे. जमशेदपूरची उभारणी दोराबजींच्या नावावर जाते आणि ते योग्यच आहे. प्रकृती नाजूक असलेल्या रतनजींचा वर्षाचा बराच काळ इंग्लंडमध्ये जाई.

यॉर्क हाउस

१९०६ मध्ये रतनजींनी लंडनजवळ ट्विकनहॅम येथे थेम्स नदीकाठचे ‘यॉर्क हाउस’ विकत घेतले. सतराव्या शतकातील ही वास्तू त्यापूर्वी फ्रान्सच्या पदच्युत राजघराण्यातील ऑर्लेआंच्या ड्यूककडे होती. बागेत त्यांनी बरेच बदल केले. त्यांत सर्वांत जास्त बोलबाला झाला तो संगमरवरी जलपऱ्यांच्या समूहाचा. इटलीत घडवलेल्या या मूर्ती मुळात व्हिटेकर राइट या धनिकाच्या सरे परगण्यातील निवासासाठी आणल्या होत्या. राइटवर गुंतवणूकदारांना फसवल्याचा आरोप सिद्ध झाला आणि १९०४ मध्ये शिक्षा ऐकून न्यायालयातच त्याने विष घेतले. त्याच्या जिनसांची विक्री झाली आणि जलपऱ्या टाटांकडे आल्या. दगडांच्या राशीवर चढणाऱ्या, शिंपल्यावर तोल सावरणाऱ्या या मूर्ती इंग्रज शेजाऱ्यांच्या अभिरुचीला काहीशा भडक वाटल्या तर नवल नाही. आज ते नगरीचे एक आकर्षण आहे.

एकीकडे असे राजेशाही निवासस्थान आणि दुसरीकडे भारतातील राष्ट्रीय चळवळीला दिलेला पैसा, ही विसंगती त्यांच्या आयुष्यात कायम राहिली. तिचा उलगडा त्यांच्या लेखनातून होत नाही, कारण त्यांनी फारसे लिहिलेच नाही. त्यांचा स्वभाव दिसतो तो दोनच ठिकाणी: त्यांनी काय विकत घेतले आणि कशाला पैसे दिले.

युरोपातील चिनी शैली

रतनजींच्या संग्रहाचे वेगळेपण समजण्यासाठी, ते ज्या युरोपात खरेदी करत होते तेथे ‘चिनी’ या शब्दाचा अर्थ काय होता, हे पाहणे आवश्यक आहे.

सतराव्या शतकात पोर्तुगीज, डच व इंग्रज जहाजांनी चिनी मातीची भांडी, रेशीम आणि रोगणकाम युरोपात नेले. चिनी माती कशी भाजतात हे युरोपला जर्मनीतील माइसेन येथे १७१० च्या सुमारास कारखाना निघेपर्यंत साधले नव्हते. मागणी प्रचंड आणि माल थोडा, तेव्हा नक्कल सुरू झाली. पाहता पाहता नकलेची एक स्वतंत्र शैली झाली आणि तिला फ्रेंच भाषेत ‘शिन्वाझरी’ हे नाव पडले. छत्री धरलेले मिशाळ अधिकारी, घंटा लोंबणारे मनोरे, कमानदार पूल, माकडे आणि ड्रॅगन यांची ही दुनिया चीन कधीही न पाहिलेल्या कारागिरांनी मनाने रचली होती. भिंतीचा कागद, कपाटे, खुर्च्या, बागेतील मंडप, सर्वत्र ती पसरली.

या शैलीचा एक लक्षवेधी नमुना म्हणजे सोनेरी कातड्याचे घडीचे पडदे. अशा कातड्याची कला मुस्लिम अमलाखालील स्पेनमध्ये वाढली आणि कोर्दोबा नगर तिच्यासाठी प्रसिद्ध होते. पुढे ती मेखेलेन व ॲमस्टरडॅम येथील कारखान्यांत गेली. गंमत अशी, की सोनेरी कातड्यात सोने मुळीच नसे. वासराच्या किंवा मेंढीच्या कमावलेल्या कातड्यावर सरस लावून चांदीचा वर्ख चिकटवत. त्यावर पिवळसर रोगणाचा हात फिरवला की चांदी सोन्यासारखी दिसू लागे. मग लाकडी साच्यात दाबून नक्षी उठवत आणि रंग भरत. कापडी पडद्यांसारखे हे कातडे अन्नाचा वास धरून ठेवत नाही, म्हणून भोजनगृहाच्या भिंतींना ते विशेष पसंत असे. अठराव्या शतकात भिंतींवर कागद आणि रेशीम आले. तेव्हा जुने कातडे कापून त्याचे घडीचे पडदे बनवले जाऊ लागले, तर काही पडदे मुद्दाम चिनी देखावे रंगवून नव्यानेच तयार केले गेले. वाऱ्याची झुळूक अडवणे, दालनाचा कोपरा झाकणे आणि मालकाची ऐपत दाखवणे, अशी तिहेरी कामगिरी ते बजावत.

अस्सल चिनी पडदेही युरोपात जात. लाकडी फळ्यांवर रोगणाचे थर चढवून, त्यांत देखावे कोरून रंग भरलेल्या मोठ्या पडद्यांना युरोपात ‘कोरोमांडेल’ पडदे म्हणतात. बनावट पूर्णपणे चिनी असून नाव मात्र आपल्या चोलमंडल किनाऱ्याचे, कारण तेथील बंदरांतून ते युरोपकडे रवाना होत. हे रोगण झाडाच्या चिकापासून मिळते. सावंतवाडीच्या लाखकामातील लाख किड्यापासून होते, तेव्हा दोहोंची गल्लत करू नये. नकलेचे चक्र एवढ्यावर थांबले नाही. डचांनी जपानमध्ये नेलेल्या सोनेरी कातड्याची जपानी कारागिरांनी कागदावर नक्कल केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो कागद युरोपातील श्रीमंत घरांच्या भिंती सजवण्यासाठी परत पश्चिमेकडे जाऊ लागला.

संग्रह

रतनजींनी खरेदी सुरू केली तोवर युरोपातील जाणकारांचे लक्ष नकलेकडून अस्सल चिनी कलेकडे वळत होते. त्याला एक दुःखद कारणही होते. १८६० मध्ये ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला, १९०० च्या बॉक्सर उठावानंतर बीजिंग पुन्हा लुटले गेले आणि १९११ च्या क्रांतीत छिंग राजवट कोसळली. या सर्व काळात चिनी वाड्यांतील वस्तू लंडन आणि पॅरिसच्या बाजारात येत होत्या.

या बाजारात भारतीय संग्राहक विरळा होता. संस्थानिक मंडळी युरोपातून झुंबरे, आरसे आणि तैलचित्रे आणत, पण ती युरोपीय वैभवाची खूण म्हणून. रतनजींच्या संग्रहातही युरोपीय चित्रे, चांदीची भांडी, बंदुका, तलवारी, गालिचे आणि हस्तलिखिते होती. परंतु त्याला वजन आले ते पूर्व आशियाई वस्तूंमुळे. चिनी मातीच्या सुरया व फुलदाण्या, जेडमध्ये कोरलेली पात्रे व मूर्ती, तपकिरीच्या इवल्याशा कुप्या, जपानी मिनेकाम, रोगणकाम आणि हस्तिदंती कोरीवकाम अशा वस्तू त्यांनी जमवल्या. जेड हा दगड पोलादी हत्याराने कोरला जात नाही. त्याहून कठीण खड्यांची पूड पाण्यात कालवून तो महिनोन्‌महिने घासून झिजवावा लागतो. तळहातावर मावणाऱ्या वस्तूत एका कारागिराच्या आयुष्याचा मोठा तुकडा गेलेला असतो. शिन्वाझरीचे पडदे लांबून पाहण्यासाठी असतात. रतनजींची निवड मात्र जवळ जाऊन, हातात घेऊन पाहण्याच्या वस्तूंकडे झुकलेली दिसते.

देणग्या

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाला रतनजींनी दहा वर्षे दरसाल १०,००० रुपये दिले. दक्षिण आफ्रिकेत मोहनदास करमचंद गांधी यांनी चालवलेल्या सत्याग्रहाला १९०९ पासून पाच हप्त्यांत १,२५,००० रुपये दिले. त्या वेळी गांधी भारतात फारसे परिचित नव्हते. तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींच्या कुटुंबांना पोसण्याचा प्रश्न होता आणि हा पैसा नेमका अडचणीच्या वेळी पोहोचला. खर्चाची हकिकत गांधींनी टाटांना पत्राने कळवली होती.

त्यांची आणखी एक देणगी लंडनमध्ये रुजली. दारिद्र्याची कारणे शोधण्यासाठी त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दरसाल १,४०० पौंड देऊ केले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘रतन टाटा फाउंडेशन’चे पहिले संचालक इतिहासकार आर. एच. टॉनी होते. साखळ्या घडवणाऱ्या कामगारांच्या किमान वेतनाचा त्यांचा १९१४ चा अभ्यास याच निधीतून झाला. भारतीय पैशाने इंग्लंडमधील गरिबीचा अभ्यास व्हावा, हा प्रकार त्या काळात उलट्या गंगेसारखाच होता.

पाटण्याजवळील कुम्रहार येथे प्राचीन पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी त्यांनी सुमारे ७५,००० रुपये दिले. डी. बी. स्पूनर यांनी १९१३ च्या सुमारास सुरू केलेल्या या कामात मौर्यकालीन स्तंभयुक्त सभागृहाचे अवशेष सापडले. स्पूनर यांना त्यात इराणमधील पर्सेपोलिसच्या राजवाड्याचे साम्य दिसले. तेथवर ठीक होते, पण पुढे त्यांनी भारतीय इतिहासात एक जरथुष्ट्री कालखंडच कल्पिला. देणगीदार पारशी असल्याने या सिद्धान्ताची चर्चा चवीने झाली. विद्वानांनी तो स्वीकारला नाही, सभागृहाचा शोध मात्र टिकला.

१९१६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला.

मृत्यू आणि मृत्युपत्र

पहिले महायुद्ध संपण्यास दोन महिने उरले असताना, ५ सप्टेंबर १९१८ रोजी कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज येथे रतनजींचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे होते. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीतील पारशी विभागात, वडिलांच्या समाधीजवळ त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनी सार्वजनिक कामासाठी ठेवला होता. त्यातून १९१९ मध्ये सुमारे ८० लाख रुपयांचा ‘सर रतन टाटा ट्रस्ट’ स्थापन झाला. लेडी नवाजबाईंनी यॉर्क हाउस विकले. १९२० च्या दशकात ते ट्विकनहॅमच्या नगर परिषदेकडे गेले आणि जलपऱ्या बागेसकट तिच्या ताब्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात चांदण्यात त्या शुभ्र चमकून शत्रूच्या विमानांना खूण ठरू नयेत, म्हणून त्यांना राखाडी लेप देण्यात आला होता.

नवाजबाईंनी टाटा कुटुंबातील नवल या अनाथाश्रमात वाढणाऱ्या मुलाला दत्तक घेतले. रतन नवल टाटा हे त्यांचे पुत्र. गरजू पारशी स्त्रियांना शिवण, भरतकाम व पाककला यांतून मिळकत व्हावी यासाठी १९२८ मध्ये मुंबईत ‘सर रतन टाटा इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. आर.टी.आय. या नावाने तिचे खाद्यपदार्थ मुंबईकरांना परिचित आहेत. नवाजबाईंचे निधन १९६५ मध्ये झाले.

संग्रह वस्तुसंग्रहालयात

ज्या इमारतीत रतनजींचा संग्रह जायचा होता, ती त्यांच्या हयातीत लोकांसाठी उघडलीच नाही. मुंबईच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली होती. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार इमारत १९१४ मध्ये तयार झाली, तोच महायुद्ध सुरू झाले आणि तेथे लष्करी रुग्णालय आले. १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय अखेर खुले झाले. १९१५ मध्ये घेतलेला पुरुषोत्तम मावजी यांचा भारतीय कलावस्तूंचा संग्रह आणि मृत्युपत्रानुसार आलेला रतनजींचा संग्रह, या दोहोंमुळे सुरुवातीलाच त्याची दालने भरली. सर दोराबजी १९३२ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी त्यांचाही संग्रह येथे दाखल झाला. १९९८ मध्ये संस्थेचे नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय’ असे झाले. दोघा भावांच्या चिनी, जपानी व युरोपीय वस्तू तेथील वेगवेगळ्या दालनांत मांडलेल्या आहेत.